पेशंटबरोबर कोण आहे?

शेषगिरी अण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मरायला टेकलो होतो. मला त्याची कल्पना नव्हती. ती त्यांनी दिली.

सन छप्पनची गोष्ट. पुण्याहून बंगळूरच्या एका सरकारी विमान कारखान्यात नोकरीला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. चामराजपेटेत खोली घेतली होती. खोलीत उशी नव्हती, म्हणून उशी आणायला बाहेर पडलो आणि पगड्यांच्या एका दुकानासमोर मला शिंक आली. शिंक अगदी साधी होती. पुण्यात असल्या शिंकेसाठी कुणी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नसतं. इथे मात्र दुकानाच्या फळीवरून एक धिप्पाड गृहस्थ अशी उडी मारून खाली आले, की मला वाटलं आपल्या शिंकेने त्यांचा खांबबिंब पडला असावा. गुडघ्यापर्यंत काळा कोट, जरीच्या काठाचा म्हैसुरी पेटा, आणि मिशी अशी की तिच्या दोन टोकांना दोन वेगवेगळे पत्ते द्यावेत.

"मराठी?" त्यांनी दरडावून विचारलं.

"हो. पण तुम्ही कसं ओळख–"

"शिंकेवरून. कानडी माणूस शिंकताना मागे जातो. तुम्ही पुढे आलात."

त्यांनी माझं कपाळ चाचपलं, डोळ्याखालची कातडी ओढली आणि मला जीभ बाहेर काढायला लावली. त्या जिभेवर त्यांनी शेजारच्या फुलवाल्याचं, एका पोस्टमनचं आणि एका गाईचं मत घेतलं. गाय काही न बोलता निघून गेली, हे त्यांना चांगलं लक्षण वाटलं नाही. मी जीभ आत घेतो न घेतो तो मला जटक्यात, म्हणजे तिथल्या टांग्यात, बसवण्यात आलं. घोडा म्हातारा होता. अण्णांनी गाडीवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं, गाडीवाल्याने ते घोड्याच्या कानात सांगितलं, आणि त्यानंतर तो घोडा जसा सुटला तशी वस्तू मी पुढे फक्त कारखान्याच्या धावपट्टीवर पाहिली.

डॉक्टर अश्वत्थनारायण हे उंच, वाळके आणि शब्दांवर रेशन असल्यासारखे बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या छातीला नळी लावली, पाठीवर टकटक केलं, आणि माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

ज्या माणसाला मी घटकाभरापूर्वी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं तो खाड्कन उभा राहिला आणि म्हणाला, "मी."

मला बाहेर बाकावर बसवलं. माझ्या छातीत काय आहे हे त्या दोघांनी आत दार लावून ठरवलं.

अण्णा बाहेर आले ते आरडाओरडा करतच. "पुणेकर, छाती आहे का धर्मशाळा? स्वेटर कुठाय? गावाकडे कोण कोण आहे तुमच्या? फार वाईट, फार वाईट! गार पाण्याला बोट लावलंत तर मी जबाबदार नाही म्हणून सांगून ठेवतो!"

मला आई आठवली. न घेतलेली उशी आठवली. दवाखान्यासमोर देवाप्पाचं कॉफीचं हॉटेल होतं, तिथे मी जाऊन टेकलो. देवाप्पाने माझ्याकडे एकदा आणि अजून ओरडत असलेल्या अण्णांकडे एकदा बघितलं आणि पोट धरून हसला.

"अण्णा ओरडले ना तुमच्यावर? मग जा की घरी. नुसती सर्दी आहे."

"अहो, पण ते म्हणाले–"

"काय म्हणाले ते सोडा. ओरडले ना? न ओरडता, हसत हसत तुम्हाला इथे आणून फुल कॉफी पाजली असती, तर मी तुमच्या गावचा पत्ता विचारून ठेवला असता."

देवाप्पा हसतच होता. मला मात्र हसू आलं नाही. त्यानंतर अण्णांच्या मोठ्या आवाजाची मला कधी भीती वाटली नाही, आणि त्यांच्या हसण्याची भीती कधी गेली नाही.

आता हे नीट सांगायला हवं. त्या काळात डॉक्टर पेशंटला काही सांगत नसत. पेशंटने शर्ट काढायचा, श्वास घ्यायचा, सोडायचा, शर्ट घालायचा आणि बाहेर बसायचं. खरं काय ते 'बरोबर' आलेल्या माणसाला सांगायचं, असा रिवाज. पेशंट घाबरेल, खाणं सोडेल, हे कारण. बरोबर आलेला घाबरला तर काय, याचा विचार कुणी केलेला नव्हता. चामराजपेटेतल्या आमच्या त्या गल्लीने मात्र यावर तोड काढली होती. गल्लीतल्या प्रत्येक पेशंटबरोबर एकच माणूस जाई. शेषगिरी अण्णा.

त्यांचं घराणं कधी काळी साताऱ्याकडून आलेलं. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरात मराठी, पण ती अशी की तिच्यात 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'ठीक'च्या जागी 'सरी' हे कानडी शब्द न सांगता येऊन बसलेले असत. धंदा पेट्यांचा. लाकडी ठोकळ्यावर कापड गुंडाळून, जरी बसवून, तयार पेटा खोक्यात घालून द्यायचा. पूर्वी हापिसात जाणारा प्रत्येक माणूस पेटा घाली. मी आलो तोवर कारकुनांनी डोकी उघडी टाकली होती, आणि अण्णांना गिऱ्हाईक उरलं होतं ते दसऱ्याचं आणि लग्नातल्या व्याह्यांचं. बाकी वर्षभर अण्णा मोकळे, आणि गल्लीत आजारी पडायला माणसं भरपूर.

शिवाय तो कोट आणि तो पेटा. अण्णा आत गेले की नवखे डॉक्टर उभे राहत. त्यांना वाटे कुणी मुन्सफ आला. भाषा सगळ्या येत: कानडी, तमिळ, तेलुगू, दखनी, कामापुरतं इंग्रजी. या सगळ्या भाषांतून ते वाईट बातमी ऐकून घेत, आणि यातल्या एकाही भाषेत ती बाहेर सांगत नसत.

त्यांची रीत ठरलेली होती. आजार किरकोळ असला की ते बाहेर येऊन आकाश डोक्यावर घेत. माणूस घाबरला पाहिजे, पथ्य पाळलं पाहिजे. आणि आत खरंच काही भयंकर ऐकलेलं असलं की बाहेर येताना चेहरा निरशा दुधासारखा. "काही नाही हो. स्वल्प अशक्तपणा. चला, कॉफी घेऊ."

आकडे तर ते असे वळवत की ज्याचं नाव ते. डॉक्टरांनी सांगावं, दहातले चार दगावतात. अण्णा बाहेर येऊन सांगत, "दहातले सहा आपल्या पायांनी चालत घरी जातात!"

"आणि बाकीचे चार?" एखादा हिशेबी पेशंट विचारी.

"ते? ते तुमकूरकडचे असतात. तिथलं पाणीच तसं."

तुमकूरने त्यांचं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक. पण अण्णांच्या हिशेबात शंभरातले, दहातले, पाचातले, जे कुणी मरायचे ते सगळे तुमकूरचे. चामराजपेटेतलं कधीच कुणी नाही. एकदा मी त्यांना छेडलं, "अण्णा, आकडा तो आकडा. तुम्ही त्याला गाव कशाला चिकटवता?"

तर ते म्हणाले, "पुणेकर, डॉक्टरला शंभर माणसं दिसतात. बाकावर एकच बसलेला असतो. शंभरातला तो कितवा, हे डॉक्टरलाही ठाऊक नाही. मग मी त्याला स्वल्प पुढच्या रांगेत बसवला तर कुणाचं काय गेलं?"



आता देवाप्पाच्या कॉफीबद्दल. बंगळुरात दोघांनी मिळून एक कॉफी घ्यायची आणि ती दोन पेल्यांत अर्धी अर्धी करून मागायची, याला 'बाय-टू' म्हणतात. अण्णा जन्मभर बाय-टू प्यायले. नात्यातल्या लग्नाची बोलणीसुद्धा त्यांनी बाय-टूवर उरकली होती. फक्त दवाखान्याच्या पायरीवरून हात वर करून ते कधी कधी ओरडत, "देवाप्पा, फुल!" तेव्हा प्रत्येकाला आख्खी कॉफी. ती हाक ऐकली की देवाप्पा आधी हात धोतराला पुसे आणि रेडिओचा कान पिळून आवाज बारीक करी. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आपलं आपण, मयताच्या घरावरून जाताना चाल मंद करावी तसं. रेडिओ बारीक झाला की शेजारचा सुतार ठोकायचा थांबे, फुलवाला हार बांधायचा थांबे. सगळ्या गल्लीला कळे. कळत नसे ते फक्त मधोमध बसून आख्खी कॉफी पिणाऱ्याला.

निदान आम्हाला तसं वाटे.

आप्पाजी शिंप्याच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी तिथेच होतो. अण्णा हसत बाहेर आले. फुल कॉफी आली. रेडिओ बारीक झाला. आप्पाजीने घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी आहे की, देवाप्पा." देवाप्पाने साखरेचा अख्खा डबाच आणून त्याच्यापुढे ठेवला. पुढे आप्पाजी गेला, आणि सुतक फिटल्यावर त्याची बायको सत्यवती अण्णांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"तेच. काही नाही म्हणून."

"कॉफी आली तेव्हा मला कळलं होतं," ती म्हणाली. "त्यांनाही कळलं होतं. पण तुम्ही हसत होता, म्हणून ते हसले. ते हसले, म्हणून मी हसले. शेवटपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना हसून दाखवत होतो. एकदा बसून रडायचं होतं, ते राहून गेलं."

ती रागावलेली नव्हती. ओढणीसारखा पदर घट्ट लपेटून शांतपणे बोलत होती, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. अण्णांनी ठोकळ्यावरचा पेटा उचलला, फुंकला, परत ठेवला. दिवसभर त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी गळू झालं आणि ते पुन्हा ओरडत दवाखान्यात गेले.

असंच चाललं असतं. पण काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की अण्णा डावा हात कोटाच्या खिशातून काढत नाहीत. उभे राहिले की हात खिशात, जिना चढताना हात खिशात. मला तो रुबाब वाटला. माझ्या बायकोला, हेमलताला, तो रुबाब वाटला नाही. तिने अण्णांच्या बायकोला विचारलं, आणि शारदाक्कांनी भडाभडा सांगितलं. अण्णांच्या जांघेत अंतर्गळ होता. फुगा बाहेर आला की ते खिशातून दाबून धरत. कितीतरी दिवस. सगळ्या गल्लीला दवाखान्यात ओढत नेणारा माणूस स्वतःचं आतडं खिशात घालून हिंडत होता.

शारदाक्कांनी आयुष्यात कधी नवऱ्याला हट्टाने काही सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं. जटक्यात पुढे ते दोघं, मागे मी.

डॉक्टर अश्वत्थनारायणांनी तपासलं. मग रिवाजाप्रमाणे दाराकडे बघून विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी," अण्णा म्हणाले. कोटाची बटणं लावत लावतच. सवय!

डॉक्टर कधी नव्हे ते हसले. "राव, आज तुम्ही पेशंट. बाहेर बसा."

अण्णा बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले. त्या बाकावर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतका मोठा माणूस त्या बाकावर बसला की लहान दिसतो, हे मला माहीत नव्हतं. आत शारदाक्का गेल्या. दार लागलं.

"पुणेकर," अण्णा हळूच म्हणाले, "साधं काही असलं तर डॉक्टर उभ्याउभ्या सांगून मोकळे होतात. वाईट असलं की बसायला सांगतात. ऐका. खुर्चीचा आवाज येतो का बघा."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अहो, बाईमाणूस आहे. बसा म्हणाले असतील."

अण्णांची नजर दारावर होती.

दार उघडलं आणि शारदाक्का हसत बाहेर आल्या. चेहरा कसा फुलून आला होता! डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते त्यांनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं: ऑपरेशन लहान, काळजीचं कारण नाही, शंभरातले नव्व्याण्णव बरे होतात. मात्र तसंच ठेवलं तर एक दिवस आतडं अडकेल, आणि मग कुणाच्या हातात काही नाही. बाई बिचारी महिनाभर देवाला साकडं घालत होती. तिला वाटलं आता सुटलो. आणि आनंदाच्या भरात ती जे शब्द आयुष्यभर ऐकत आली होती तेच बोलली.

"काही नाही हो! शंभरातले नव्व्याण्णव आपल्या पायांनी चालत घरी जातात म्हणे!"

"आणि एक?" अण्णांनी विचारलं.

"तो तुमकूरचा!" म्हणून त्या खुदकन हसल्या. हॉटेलच्या कॉफीला जन्मभर 'चिंधी धुतलेलं पाणी' म्हणणारी ती बाई, पायरीवर जाऊन हात वर करून ओरडली, "देवाप्पा, तीन फुल!"

देवाप्पाने हात धोतराला पुसले. आणि त्याला कळायच्या आत त्याचा हात रेडिओकडे गेला.

गाणं बारीक झालं. सुतार ठोकायचा थांबला.

अण्णांनी कॉफी घेतली. आख्खी. पेला खाली ठेवून म्हणाले, "साखर बरोबर आहे."

त्यांच्यापुरता निकाल लागला होता.

त्यांनी ऑपरेशनला नकार दिला. भांडून नव्हे, भांडले असते तर आम्ही निर्धास्त झालो असतो. हसून. "घरी होईल ते होऊ दे की. चाकू कशाला मध्ये?" त्यांची खात्री पटली होती की गाठ भलत्याच कशाची तरी आहे, अंतर्गळ हे वरचं नाव, आणि सगळी गल्ली त्यांना पुढच्या रांगेत बसवते आहे. आम्ही जितकं 'काही नाही' म्हणत गेलो तितकं ते समजुतीने मान हलवत गेले. फुलवाल्याने धीर दिला, त्यालाही त्यांनी थोपटलं. मला एक पेटा बांधून दिला. डोक्याचं माप न घेताच. म्हणाले, "असू दे. आठवण."

शेवटी डॉक्टरांनी स्वतः बोलावलं. रिवाज मोडून पेशंटला समोर बसवलं. मीही आत होतो.

"राव, नीट ऐका. आतडं बाहेर येतं, आत जातं. एक दिवस बाहेर येईल आणि आत जाणार नाही. त्या दिवशी मी काही सांगू शकणार नाही. आज सांगू शकतो. आज शंभरातले नव्व्याण्णव."

"सर, आपण कधी इतकं लांब बोलत नाही," अण्णा म्हणाले.

"कारण तुम्ही ऐकत नाही! इतकी वर्षं तुम्ही या खुर्चीत बसता. मी तुमच्याशी एकदा तरी खोटं बोललोय?"

"कधीच नाही, सर." अण्णांनी हात जोडले. "पण मी कधी पेशंटही नव्हतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. तेही अण्णांनी बघून ठेवलं.

मग हेमलताने डोकं लढवलं. "त्यांच्याच पद्धतीने सांगा. ओरडा त्यांच्यावर. फार गंभीर आहे म्हणा. ते लगेच समजतील की काही नाही." बेत झकास होता. फक्त ओरडायला शारदाक्का होत्या. त्या माजघराच्या दारात उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "फार... फार गंभीर आहे हां तुमचं. मी सांगून ठेवते." एवढं बोलून त्यांनाच हसू आलं, आणि हसताहसता रडू आलं. दाराआड हेमलताच्या बांगड्या वाजल्या.

"पुणेकरीणबाई, बाहेर या," अण्णा आतून म्हणाले. "चांगलं केलंत. पण नाटकाला माणूस चुकीचा निवडलात."

त्यानंतर कुणी प्रयत्न केला नाही. अण्णांनी लोकांबरोबर दवाखान्यात जाणंही सोडलं. लोक आपापले जात, कुणी भाऊ, कुणी शेजारी, आणि बाहेर येऊन काहीतरी अर्धवट सांगत. गल्लीत ओरडणारं कुणी राहिलं नाही. देवाप्पाने तर रेडिओच आत नेऊन ठेवला. आमची गल्ली इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. अण्णा फळीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत, आणि लोक त्यांची नजर टाळून पलीकडच्या बाजूने जात.

दसरा आला. पेट्यांचं गिऱ्हाईक आलं. सकाळी अण्णा माळ्यावरून ठोकळ्यांची पेटी उतरवायला स्टुलावर चढले. पेटी शिसवी ठोकळ्यांची, दोघांनी उचलायची. डावा हात खिशातून काढावा लागला.

मी पोचलो तेव्हा ते दुकानातच आडवे होते, चेहरा मेणासारखा, घाम. उलटी थांबत नव्हती. फुगा बाहेर आला होता आणि आत जात नव्हता. तशातही त्यांनी आधी डॉक्टर नको म्हटलं, मग देवघरात न्या म्हटलं, आणि या घोळात दुपार झाली. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर अश्वत्थनारायण स्वतः धावत आले. तपासून बाहेर आले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "पेशंटबरोबर कोण आहे?"

शारदाक्का आत गेल्या. या वेळी खुर्चीचा आवाज आला नाही. वेळच नव्हता.

त्या बाहेर आल्या, आणि मी मनात म्हटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. सरळ वॉर्डात अण्णांच्या खाटेशी गेली आणि अख्खा वॉर्ड दणाणेल अशी कडाडली.

"सांगितलं होतं की नाही? पाया पडून सांगितलं होतं! आतडं सडलंय आता तुमचं! दहातले सहा जातात म्हणतात डॉक्टर! ऐकलंत? सहा! आणि ते तुमकूरचे नसतात! तुमकूरचं कुणी नसतं! सगळे इथलेच असतात, इथले!"

नर्स धावली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. शारदाक्कांना तोंडाला पदर लावायचंसुद्धा भान नव्हतं. हे नाटक नव्हतं. इतकं खरं त्या घरात कुणी कधी बोललं नसेल.

अण्णांनी डोळे उघडले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समजूतदार हसू मावळलं, आणि त्या जागी मला साफ ओळखता येईल असं काहीतरी आलं. सुटल्यासारखं.

"बघा पुणेकर," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ही इतकी ओरडते."

"हो अण्णा."

"कुणी कॉफी मागवली नाही ना?"

"नाही."

"मग सरी," ते म्हणाले. "कुठे सही करायची ती सांगा."

गाडी ढकलणाऱ्याला ते वाटेभर बजावत होते, स्वल्प हळू, चाकाला तेल घाला की, इस्पितळ आहे का मंडई. त्यांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. शारदाक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. आपण त्यांना खरं सांगितलं की धीर दिला, हे त्यांना तेव्हा कळलं होतं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दुकानात आता सायकली भाड्याने मिळतात.